इतर हक्कात

मुळशी तालुक्यात हल्ली सगळ्याची किंमत गुंठ्यात सांगतात. लग्न दोन गुंठ्यांत उरकलं, गाडी एका गुंठ्यात दारात आली, सरपंचपद मात्र अंदाजापेक्षा महाग पडलं. अशा मुलखात बारावी झालेल्या एखाद्या पोरीने घरात जाहीर केलं, की मला मानवशास्त्रात बी.ए. करायचंय, तर आजोबा विचारणार, ‘आगं, पर त्याचं हुतं काय?’ आणि बाप विचारणार, ‘त्याचे हुतील किती?’

या दुसऱ्या प्रश्नाला सुशिक्षित माणसं नाक मुरडतात. ज्ञान हे ज्ञानासाठी असतं, असं सांगतात. सांगणाऱ्यांची स्वतःची पोरं बहुधा ‘कॉम्प्युटर’ला असतात. मला विचाराल तर बापाचा प्रश्न रास्त आहे. नव्या धोरणात पदवी चार वर्षांपर्यंत ताणता येते. चार वर्षांची फी, खोलीभाडं, मेस आणि एसटीचा पास धरला तर पुण्यातच चांगला आकडा होतो. खासगी विद्यापीठाचा डोंगर चढायचा म्हटलं तर एका वर्षाचीच फी लाखांत. एवढं पेरल्यावर उगवतं काय, हे विचारायला शेतकऱ्याने लाजायचं कशाला?

हिशेब आधी अमेरिकेचा पाहू. तिकडे अशा गोष्टी उघड बोलतात. २०१२ साली ‘फोर्ब्स’ मासिकाने सगळ्यांत वाईट पदव्यांची यादी छापली. तिच्या डोक्यावर मानवशास्त्र आणि पुरातत्त्व. त्याच्या आदल्या वर्षी फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सांगून टाकलं होतं, की आमच्या राज्याला आणखी मानवशास्त्रज्ञ नकोत; सरकारी पैसा विज्ञान, तंत्रज्ञान आणि इंजिनिअरिंगवर जाऊ दे. पुढे उजेडात आलं, की त्यांच्या स्वतःच्या मुलीची पदवी मानवशास्त्राचीच होती. आपल्याकडे अशी फजिती होत नाही. आपल्याकडे पुढारी आधी इंजिनिअरिंग कॉलेज काढतो, मग त्या विषयाची महती सांगतो.

आता घरचा हिशेब. महाराष्ट्रात मानवशास्त्र म्हटलं की पहिलं नाव इरावती कर्वे यांचं. १९२८ साली त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी निघाल्या. सासरे महर्षी कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य झिजवलेला माणूस. त्यांना मात्र सुनेची ही परदेशवारी पसंत नव्हती. शेवटी पैसे उसने मिळाले ते जीवराज मेहतांकडून, म्हणजे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले त्यांच्याकडून. मराठी मानवशास्त्राचं पहिलं शैक्षणिक कर्ज हे असं गुजराती भांडवलातून उभं राहिलं. बाकी उद्योगधंद्यांची गोष्ट काय वेगळी होती म्हणा.

बर्लिनमध्ये बाईंनी माणसांच्या कवट्या मोजल्या. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांना युरोपीय डोकं इतरांपेक्षा वरचढ आहे, हे सिद्ध झालेलं हवं होतं. बाईंच्या मोजमापांत तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी तसं लिहूनही टाकलं. गाइडला हवा तो निष्कर्ष न देणं हा पीएच.डी.चा सर्वांत महाग मार्ग असतो, हे आजचा कोणीही विद्यार्थी सांगेल. त्या डॉक्टर होऊन परत आल्या. आणि मग पहिली नोकरी? मुंबईच्या महिला विद्यापीठात प्रशासनाची. १९३१ ते १९३६, बर्लिनची मानवशास्त्रातली डॉक्टरेट फायली हलवत होती. विषयाची खुर्ची मिळाली ती १९३९ साली डेक्कन कॉलेजात. म्हणजे इरावती कर्व्यांनाही विषयाची नोकरी लागायला नऊ-दहा वर्षं गेली. आपल्या पोरीने कॅम्पस प्लेसमेंटची फार आशा धरू नये.

इथवर हिशेब तोट्याचाच दिसतो. पण जरा थांबा. मानवशास्त्रात पैसा नाही, ही अफवा आहे. पैसा रग्गड आहे. फक्त तो मानवशास्त्र शिकलेल्याकडे जात नाही.

पहिला पुरावा दिल्लीतून. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१७ साली देशात पहिला आलेला अनुदीप दुरिशेट्टी हा पिलानीच्या बिट्सचा इंजिनिअर. २०२० साली पहिला आलेला शुभम कुमार हा मुंबई आयआयटीचा सिव्हिल इंजिनिअर. दोघांचाही वैकल्पिक विषय एकच, मानवशास्त्र. अडीचशे-अडीचशे गुणांचे दोन पेपर, अभ्यासक्रम आटोपशीर, आकृत्या काढायला वाव. इंजिनिअरला आणखी काय हवं? पास झालं की मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर भत्ते, गाडी, बंगला आणि सलाम. तेव्हा मानवशास्त्रातून पक्की कमाई करायची असेल, तर भारतात त्याचा राजमार्ग ठरलेला आहे. आधी इंजिनिअर व्हा.

पुण्यातल्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये फिरून या. टेबलाटेबलावर स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स. त्यात कातकरी जमात चार बुलेटमध्ये बसवलेली असते: पूर्वी कात काढायचे, आता वीटभट्टी आणि कोळसा, हंगामी स्थलांतर, विशेष दुर्बल जमात. चौथ्या बुलेटखाली पिवळ्या हायलायटरची रेघ. त्याच कातकऱ्यांच्या वाड्या मुळशीत आहेत. सकाळी एसटीने निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल. पण जातो कोण? प्रश्न १० गुणांचा, उत्तर दीडशे शब्दांचं. वाडीवर गेलं तर उलट घोटाळाच व्हायचा. तिथे भेटलेला माणूस चार बुलेटमध्ये मावला नाही, तर गुण कापले जाणार कोणाचे?

दुसरा पुरावा हिंजवडीचा. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे, हे तिथे रोज दोन तास सिग्नलला अडकणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत नसतं. संगणकाच्या धंद्याने मानवशास्त्राला फार आधी हेरलं. ऐंशीच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लुसी सचमन नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी कॅमेरा लावून ठेवला, आणि नव्या कोऱ्या यंत्रावर पाठपोट प्रती काढताना नाणावलेले संगणकशास्त्रज्ञ कसे घामाघूम होतात, ते टिपलं. यंत्र हुशार होतं, वापरणारे त्याहून हुशार. फक्त दोघांचं जमत नव्हतं. पौडातला झेरॉक्सवाला हे बघून पोट धरून हसला असता. १९९८ साली इंटेलने जेनेव्हीव बेल यांना घेतलं; स्टॅनफर्डच्या मानवशास्त्राच्या डॉक्टर. चिप विकायची तर माणूस घरात कसा वागतो ते कळायला हवं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या मालकांना पटली होती.

आपल्याकडेही हे काम पोचलंय. त्याला ‘युजर रिसर्च’ म्हणतात आणि पगार बरा असतो. फक्त तो करायला बऱ्याचदा तोच इंजिनिअर बसतो, जो प्रोजेक्ट संपल्यामुळे बेंचवर आहे. वापरणारी माणसं समजून घ्यायची म्हणून तो त्यांना गुगल फॉर्म पाठवतो. फॉर्मच्या शेवटी ‘इतर’ अशी एक चौकट असते. मानवशास्त्र जे काही असतं, ते त्या चौकटीत असतं.

तिसरा पुरावा बघायला पौडला तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसावं लागतं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. जमिनीचा एजंट लग्नाच्या जुन्या पत्रिकेची कोरी बाजू टेबलावर पसरतो आणि वंशावळ काढायला घेतो. वर खापरपणजोबा. त्याच्या दोन बायका. थोरलीला तीन मुलगे, धाकटीला एक मुलगा आणि तीन मुली. मयतावर लाल फुली. नांदायला गेलेल्या लेकीपुढे गावाचं नाव. एक दत्तक गेलेला, त्याला गोल. पाहता पाहता पत्रिकेवर चार पिढ्या उभ्या राहतात. ‘ही कामशेतची आत्या बघा,’ तो लाल पेनाने टिचकी मारतो, ‘हिची सही राह्यलीय. बाकी दोघींनी हक्कसोड दिलीय. हिचा नवरा वकील हाय.’

मानवशास्त्राच्या वर्गात हीच आकृती शिकवतात. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, मेलेल्यावर तिरपी रेघ. इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात देशभरच्या नात्यागोत्यांचा हिशेब आहे. एजंटने तो ग्रंथ उघडलेला नाही. पण २००५ साली कायदा बदलून वडिलोपार्जित इस्टेटीत लेकीला बरोबरीचा वाटा आला, तेव्हापासून मुळशीतल्या भाऊबीजेचं काय झालं, यावर तो प्रबंध देऊ शकेल. सही केली की पैठणी, नाही केली की माहेर बंद. कोण रुसलंय, कशावर रुसलंय आणि तो रुसवा कितीला निघेल, हे त्याला तोंडपाठ असतं. दोन टक्के या बाजूने, दोन टक्के त्या बाजूने. नातेव्यवस्थेच्या अभ्यासाचा यापेक्षा जास्त मोबदला जगातल्या कुठल्याही विद्यापीठात मिळत नसेल. आणि पदवी? बारावी नापास, असं तो स्वतःच अभिमानाने सांगतो.

चौथा पुरावा सरकारी कागदाचा. जमातीचा दाखला खरा की खोटा, हे तपासायला आपल्याकडे समित्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे दक्षता पथक घरी येतं आणि विचारतं: तुमचं दैवत कोणतं, लग्नात काय करता, मयताला पुरता की जाळता? ज्या दाखल्यावर मेडिकलची जागा किंवा आयुष्यभराची नोकरी उभी असते, तो अशा उत्तरांवर तोलला जातो. म्हणजे हा निखळ मानवशास्त्राचा तोंडी पेपर, आणि तोही अनेक लाखांचा. उत्तरं पाठ करून घेणारा कुठेतरी भेटणारच. शहरात वाढलेल्या खऱ्याखुऱ्या आदिवासी पोराला मात्र आज्याचं दैवत नीट आठवत नाही, आणि तो अडखळतो. अखेर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं, की ही चाचणी म्हणजे खऱ्याखोट्याची अंतिम कसोटी मानू नका. संस्कृती बदलते हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समितीवर घेत नाहीत.

आणि निधी म्हणाल तर तोही आहे. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल जमाती. देशभरातल्या अशा ७५ जमातींसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान जनमन योजना आली, २४,१०४ कोटींची. घरं, रस्ते, नळ, अंगणवाड्या. त्यासाठी सिमेंट लागतं, ठेकेदार लागतो, उद्घाटनाची कोनशिला लागते. ज्या वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तिथे मधल्या काळात बांधलेल्या घरात राहणार कोण, हे सांगू शकणारं पोरगं मात्र बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतं. कंत्राट संपायची वेळ आणि माणसं परतायची वेळ जुळली, तर त्यांची भेटही होते.

आता सातबारा उघडा. एका बाजूला खातेदाराचं नाव. दुसऱ्या बाजूला ‘इतर हक्कां’चा रकाना. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुणाची तरी वहिवाट आणि राबणाऱ्या कुळाचं नाव हे सगळं तिथे, बारीक अक्षरात. मानवशास्त्राच्या मळ्यात अधिकारी खातेदार, कंपनी खातेदार, एजंट तर वहिवाटदारच. पदवीधर इतर हक्कात.

मुळशीला या रकान्याचा अनुभव शंभर वर्षांचा आहे. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावर टाटांचं धरण येणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. नेतृत्व पांडुरंग महादेव बापटांकडे. हे गृहस्थ शिकायला गेले होते एडिंबरोला, इंजिनिअरिंग. मुळशीने त्यांना ‘सेनापती’ केलं. या तालुक्याने आजवर बहाल केलेली ही सर्वांत मोठी पदवी, आणि तिचा आर्थिक परतावा म्हणजे तुरुंगवास. शेवटची शिक्षा सात वर्षांची.

या लढ्याचा इतिहास राजेंद्र व्होरा यांनी लिहिला आहे. त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट धरणाची नाही, मोबदल्याची आहे. बुडणाऱ्या जमिनी कसत होते मावळे, पण कागदावरचे मालक बऱ्याच ठिकाणी पुण्यातले सावकार-जमीनदार. मालकांनी मोबदल्याचा हिशेब मांडला, सौद्याकडे वळले, आणि लढा दुभंगला. कसणारा कागदावर नव्हता, म्हणून तो बुडालेल्यांतही मोजला गेला नाही. पाणी सह्याद्री ओलांडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात गेलं, वीज मुंबईला गेली, आणि धरणाकाठच्या काही वाड्या पुढे कित्येक वर्षं कंदिलावर राहिल्या.

त्या वेळी गावोगाव बसून कोण काय कसतो, कोणाचं कोणावर पोट आहे, कोणाचं दैवत कुठल्या माळावर आहे, हे लिहून घेणारं कोणी असतं, तर धरण थांबलं असतं असं मी म्हणणार नाही. टाटांचं भांडवल आणि इंग्रजांचा भूसंपादनाचा कायदा दोन्ही एका बाजूला होते. पण पैसे वाटताना कुळ दिसलं असतं. इतर हक्कातल्या माणसाची किंमत किती, याचा आकडा टेबलावर आला असता.

असा आकडा मांडायचा प्रयत्न पुढे झालाही. कोयनेच्या विस्थापितांची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकरांबरोबर केली आणि ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने छापली. काम चोख. फक्त अहवाल आला तेव्हा माणसं उठून गेलेली होती आणि धरण भरलेलं होतं. मानवशास्त्रज्ञाला बोलावतात ते बहुधा असं, तेराव्याला.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही चूक सुधारायचं ठरवलं. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अहवाल हवा, तोही गावात बसून, लोकांसमोर वाचून. मानवशास्त्राच्या पदवीला इतकं स्पष्ट गिऱ्हाईक या देशात पूर्वी कधी मिळालं नव्हतं. धरणं, रिंगरोड, औद्योगिक वसाहती. काम वर्षानुवर्षं पुरलं असतं. मग २०१८ साली महाराष्ट्राने दुरुस्ती केली आणि काही प्रकारच्या प्रकल्पांना या अहवालातून सूट दिली. अहवालाने वेळ जातो, हे कारण. बरोबरच आहे. गावात जाऊन माणसांना विचारायला वेळ लागतोच. न विचारता रस्ता आखायला लागत नाही.

तेव्हा पोरीच्या बापाला प्रामाणिक उत्तर असं द्यावं लागेल: ‘दादा, पीक भरघोस आहे, पण कापणी दुसरे करतात. पोरीला इंजिनिअर करून मग हा विषय दिलात तर कलेक्टर होईल. काहीच न शिकवता चार पावसाळे पौडच्या टपरीवर बसवलीत तर बंगला बांधेल. मानवशास्त्राची पदवीच घ्यायची असेल, तर कामशेतच्या आत्याला ती जरूर भेटेल, तिचं म्हणणं ऐकेल, लिहूनही घेईल. त्याचे पैसे मात्र कोणी देणार नाही, कारण ते ऐकून घेतलं तर सौदा मोडतो.’

आणि इथेच या हिशेबातली ग्यानबाची मेख आहे. या पदवीला भाव नाही, तो ज्ञान निरुपयोगी आहे म्हणून नव्हे. ते वेळेवर मिळालं तर भलत्याच लोकांना महाग पडतं म्हणून. जमीन मोजायला सरकारकडे भूमी अभिलेख खातं आहे, पगारी भूकरमापक आहेत, मोजणीची फी आहे, आणि घाई असेल तर जास्तीची फी आहे. ती लोक मुकाट्याने भरतात. त्या जमिनीवरची माणसं मोजायला ना खातं, ना फी, ना घाई. ज्या दिवशी पौडच्या कचेरीत माणसांच्या मोजणीलाही अर्ज करावा लागेल आणि तिचा दाखला जोडल्याशिवाय खरेदीखत होणार नाही, त्या दिवशी मानवशास्त्राच्या प्रवेशाला रांग लागेल. रांगेत सर्वांत पुढे एजंटाची मुलगी असेल.